उघडे दार आणि आतली कडी

२०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेने बऱ्याचशा भारतीय मालावरील आयातशुल्क दोन टप्प्यांत ५० टक्क्यांवर नेले. त्यानंतर महिना उलटण्याच्या आतच, परदेशी तंत्रज्ञांना तेथे नोकरी करण्यासाठी लागणाऱ्या एच-१ बी परवान्याच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचा आकार बसवला. भारताने आपली शेतमालाची आणि दुधाच्या पदार्थांची बाजारपेठ खुली करावी, हा आग्रह याच काळात चालू होता. त्या दिवसांत आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, दुसऱ्याला दार उघडे ठेव म्हणायचे आणि आपले लावून घ्यायचे, याला अर्थशास्त्रात काय म्हणतात?’’ वर्ग हसला. मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. या वागण्याला इतिहासात एक अधिकृत नाव आहे, आणि गमतीची गोष्ट अशी की ते नाव ‘उघड्या दाराचे धोरण’ हेच आहे.

शुल्काचे हे आकडे पुढे टिकोत वा बदलोत, त्यांच्यामागील प्रश्न जुना आहे आणि तो आपल्यासमोर पुन्हापुन्हा येणार आहे. म्हणून उघडे दार म्हणजे नेमके काय, याचा थोडा मुळापासून विचार करणे आवश्यक आहे. आतिथ्य आणि राजनीती या दोन्ही क्षेत्रांत हा शब्दप्रयोग सर्रास होतो. परंतु दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच असतो असे समजणे ही मोठी फसगत आहे.

वाड्याची रीत

ज्यांनी जुने वाडे पाहिले आहेत त्यांना आठवत असेल की वाड्याचा मोठा दरवाजा दिवसभर उघडाच असे. रात्री तो बंद झाला तरी त्यातील लहानशी दिंडी अवेळी आलेल्यासाठी उघडता येई. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपल्याकडे पूर्वापार केली जाते. म्हणजे आगाऊ वर्दी न देता येणे हा अतिथीचा दोष नसून तेच त्याचे लक्षण होय. त्याला पाय धुवायला पाणी मिळे, गूळपाणी मिळे, वेळ जेवणाची असेल तर पानही मिळे.

पण याच वाड्याची रचना नीट पाहिली तर दुसरी गोष्ट ध्यानात येते. पाहुणा प्रथम ओसरीवर बसे. ओळख पटली, नाते निघाले, की मग माजघर. देवघर आणि स्वयंपाकघर त्याच्याही पलीकडे. दार उघडे होते याचा अर्थ घराला उंबरठा नव्हता असा नव्हे. आणखी एक साधी, म्हणूनच विसरली जाणारी बाब अशी की त्या भक्कम दरवाजाचा अडसर आतल्या बाजूस असे. तो बाहेरून सरकवता येत नसे. उघड्या दाराला आतिथ्याचा अर्थ प्राप्त होई तो यामुळेच. बंद करण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती आहे त्याने ते आपखुशीने उघडे ठेवले, तर तो सत्कार. ज्याचा अडसरच कोणी काढून नेला आहे त्याचे दारही उघडेच दिसते, पण त्याला कोणी यजमान म्हणत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने शाश्वत शांततेविषयी १७९५ साली जो निबंध लिहिला, त्यात आतिथ्याला राष्ट्राराष्ट्रांच्या कायद्यात स्थान दिले आहे. त्याचे विवेचन आपल्या वाड्याच्या रीतीशी विलक्षण जुळते. परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रूप्रमाणे वागवले जाऊ नये, एवढा हक्क तो प्रत्येक मनुष्याला देतो. मात्र भेट देण्याचा हक्क वेगळा आणि पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क वेगळा, हेही बजावतो. परत पाठवल्याने ज्याचा नाश ओढवेल अशाला हाकलता येणार नाही, असे तो म्हणतो. आणि त्याच दमात, युरोपातील व्यापारी राष्ट्रे परदेशाला भेट देणे म्हणजे तो जिंकणेच असे मानू लागली आहेत, यावर कडक ताशेरे ओढून चीन व जपान यांनी या पाहुण्यांना मर्यादेत ठेवले ते शहाणपणाचे केले, असा अभिप्राय देतो. या अभिप्रायाची सत्यता पुढील अर्धशतकात पटली.

ओसरीवरून माजघरात

१७५७ पासून चीनने पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार कँटन या एकाच बंदरात आणून ठेवला होता. परदेशी व्यापाऱ्यांनी नदीकाठच्या वखारींत राहावे, ठरलेल्या चिनी पेढ्यांशीच व्यवहार करावा आणि हंगाम संपताच मकावला निघून जावे, असा नियम होता. वाड्याच्या भाषेत सांगायचे तर पाहुण्याची सोय ओसरीवर होती. ही व्यवस्था जाचक होती, तीत लाचलुचपतही होती. पण कडी चीनच्या हाती होती. १७९३ साली लॉर्ड मॅकार्टनी अधिक बंदरे आणि पेकिंगमध्ये कायमचा वकील मागण्यासाठी गेला, तेव्हा सम्राट चियेनलुंगने त्याचा सत्कार केला, नजराणे स्वीकारले, आणि मागण्या फेटाळल्या.

इंग्लंडची अडचण आर्थिक होती. चिनी चहा हवा, पण त्याच्या बदल्यात चीनला घ्यावासा वाटेल असा माल नाही, म्हणून चांदी मोजावी लागे. ही तूट भरून काढली ती हिंदुस्थानातील अफूने. बंगालची अफू कलकत्त्याहून जाई, माळव्याची मुंबईहून. येथे आपणही या कथेत शिरतो, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्यातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाने आणि कलाशाळेने पिढ्यान् पिढ्या मुंबईची सेवा केली. परंतु त्या औदार्यामागील संपत्ती चीनच्या व्यापारातून आली होती, आणि त्या व्यापारात अफूचा वाटा मोठा होता.

१८३९ मध्ये लिन त्सेशू या चिनी अधिकाऱ्याने अफूच्या २० हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. युद्ध झाले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला तो ‘कॉर्नवॉलिस’ नावाच्या इंग्रजी युद्धनौकेवर. ही नौका मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या हाताखाली सागवानात बांधलेली होती. या तहाने चीनला कँटन, अमॉय, फूचौ, निंगपो आणि शांघाय ही पाच बंदरे उघडावी लागली, हाँगकाँग द्यावे लागले आणि वर २ कोटी १० लाख डॉलरची भरपाई मोजावी लागली. लगोलग झालेल्या करारांनी आयातशुल्क सुमारे ५ टक्क्यांवर बांधून टाकले. एका परदेशाला दिलेली सवलत आपोआप दुसऱ्याला मिळावी, आणि परदेशी गुन्हेगाराचा न्याय चिनी न्यायालयाने करू नये, हेही त्यांत आले. आपल्या दारात येणाऱ्या मालावर किती जकात घ्यावी हे ठरवण्याचा अधिकार चीनला जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९२८ ते १९३० या काळात परत मिळाला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा एक आकडा ध्यानात ठेवला तरी पुरे. अडसर बाहेरून काढला गेला म्हणजे काय होते, ते त्यात सर्व आले.

पाहुण्यांचा आपसातील करार

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर याच्या पुढच्या प्रकरणात आहे. १८९५ मध्ये जपानकडून हार खाल्ल्यावर चीनचे लचके तोडण्याची अहमहमिका सुरू झाली. रशिया, जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड, जपान यांनी आपापले प्रभावक्षेत्र आखले. अमेरिका या वाटणीत उशिरा पोहोचली. तेव्हा तिचे परराष्ट्रमंत्री जॉन हे यांनी सप्टेंबर १८९९ पासून या सत्तांना खलिते धाडले. ज्याच्या त्याच्या प्रभावक्षेत्रात सर्व राष्ट्रांच्या मालाला एकच जकात, एकच बंदरपट्टी आणि रेल्वेचे एकच भाडे असावे, अशी त्यांची मागणी होती. हेच ते ‘उघड्या दाराचे धोरण’. खलिते इंग्लंड, जर्मनी, रशिया, जपान, इटली आणि फ्रान्स यांना गेले. ज्याचे दार उघडे ठेवायचे होते त्या चीनला त्यांतील एकही गेला नाही. घरमालकाला न विचारता पाहुण्यांनी ओसरीवर बसून आपसात ठराव केला की या घराचे दार कोणीही एकट्याने अडवू नये.

न्यायाची बाजू म्हणून एवढे सांगितले पाहिजे की १९०० सालच्या दुसऱ्या खलित्यात चीनची भूमी व राज्यव्यवस्था अखंड राहावी असा उल्लेख आला, आणि चीनचे उघड तुकडे पडण्यापेक्षा हे धोरण बरे होते. परंतु अमेरिकेच्या स्वतःच्या दाराची त्या वेळची अवस्था काय होती? १८९७ च्या डिंगली कायद्याने तिने परदेशी मालासमोर शुल्काची अत्युच्च भिंत उभारली होती. आणि माणसांचे म्हणाल, तर १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी होती. आपल्या मालाला चीनचे दार उघडे, चिनी माणसाला आपले दार बंद! १९०५ साली शांघायच्या व्यापाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी अमेरिकी मालावर बहिष्कार घातला तो याच अपमानापोटी. आपल्याकडे वंगभंगाविरुद्ध परदेशी मालावरील बहिष्कार सुरू झाला तेच हे वर्ष. चिनी माणसांवरील ही बंदी अमेरिकेने उठवली १९४३ मध्ये, चीन युद्धातला दोस्त झाल्यावर, आणि तीही वर्षाला १०५ माणसांपुरती.

तेव्हा २०२५ मध्ये आपण जे पाहिले त्यात नवे काही नाही. बलाढ्य राष्ट्राला दुसऱ्याचे दार उघडे हवे असते. आपले दार ही त्याच्या मते त्याची घरगुती बाब असते. अमेरिकेच्या जागी उद्या दुसरे कोणी आले तरी हा स्वभाव बदलेल असे मानण्याचे कारण नाही.

तीच पाच बंदरे

यावर बंद दार हा उपाय आहे काय? पुष्कळांना तसे वाटते. परंतु इतिहासाची साक्ष तशी नाही. चियेनलुंगने दार किलकिले ठेवले यात त्याचा दोष नव्हता. दोष होता तो बाहेर काय चालले आहे याची जिज्ञासाच गमावण्यात. ज्या राज्याने पाहुण्याच्या तोफा पाहून ठेवल्या नाहीत, त्याला पुढे त्या आपल्या अंगणात पाहाव्या लागल्या.

याच चीनने डिसेंबर १९७८ नंतर दार पुन्हा उघडले. १९८० मध्ये चार विशेष आर्थिक क्षेत्रे निवडली गेली, त्यांत शियामेन होते; हेच जुने अमॉय. १९८४ मध्ये आणखी चौदा किनारी शहरे परकीय भांडवलाला खुली झाली. त्यांत शांघाय, निंगपो, फूचौ आणि कँटन ही चारही होती. म्हणजे १८४२ ची पाचही बंदरे पुन्हा उघडली. बंदरे तीच, समुद्र तोच, येणारे व्यापारीही पुष्कळसे त्याच देशांचे. फरक एवढाच की कोणते शहर, कोणता उद्योग, किती सवलत आणि केव्हा, हे या वेळी पेकिंगमध्ये ठरले. पहिल्या उघड्या दारातून चीनची चांदी आणि अब्रू गेली, दुसऱ्यातून कारखाने आणि विद्या आत आली. चीनच्या एकपक्षीय राज्याविषयी आपली मते काहीही असोत, या फरकाकडे डोळेझाक करता येत नाही.

आता आपल्याकडे पाहू. १९९१ मध्ये आपणही दार उघडले. त्यापूर्वी सर्वोच्च आयातशुल्क ३०० टक्क्यांच्याही वर होते. बंद दाराआड आपण काय उपभोगले? स्कूटरसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादी आणि दूरध्वनीसाठी तितकीच. ते दार उघडणे इष्टच होते असे माझे मत आहे. पण ते उघडले गेले त्या घडीला परकीय चलनाचा साठा जेमतेम दोनतीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला होता आणि देशाचे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले होते. कडी आपल्या हाती होती खरी, पण सावकार शेजारी उभा होता. त्याआधी १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकी गव्हाच्या जहाजांची वाट पाहताना आपण हेच अनुभवले होते. यावरून निघणारा धडा असा की कडी हातात असणे म्हणजे केवळ सार्वभौमत्वाचा कागद हाती असणे नव्हे. घरात दाणागोटा हवा, गाठीला चार पैसे हवेत, तरच ‘आज नको’ असे म्हणता येते. ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराला किंमत राहत नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत बँकॉक येथे पूर्व आशियाच्या व्यापक व्यापार करारातून बाहेर राहिला आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी त्याने मुक्त व्यापाराचा करार केला. पहिला निर्णय भ्याड आणि दुसरा धाडसी, किंवा याच्या उलट, अशी लेबले लावण्यात अर्थ नाही. दोन्ही वेळा कडी आत होती, एवढे आपले भाग्य. आपल्याकडे दुधाचा धंदा हा दोनचार म्हशींच्या जिवावर चालणाऱ्या लक्षावधी घरांचा आहे. त्या घरांचे दार कोणासाठी आणि किती उघडायचे हे ठरवताना सरकारने घाई करू नये. पण संरक्षणाच्या नावाखाली आळशी कारखानदारही त्याच दाराआड लपतात, हेही विसरू नये. ओसरी कोठे संपते आणि माजघर कोठे सुरू होते, हा निर्णय प्रत्येक धंद्यागणिक, डोळे उघडे ठेवून घ्यावा लागतो.

वळिवड्याचे पाहुणे

येथवर विचार केला तो नफ्यासाठी येणाऱ्या पाहुण्याचा. दुसराही एक पाहुणा असतो: ज्याला मागे घर उरलेले नाही असा. कांटने ज्याला परत धाडू नये म्हटले तो हाच. त्याच्याबाबतीत हिशेब निराळा असतो, आणि आम्हा कोल्हापूरकरांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले पोलिश लोक सायबेरिया व मध्य आशियातून इराणमार्गे हिंदुस्थानात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, नाटकेही होत. १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे साल होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आतिथ्याची खरी किंमत कळते. व्यापाऱ्याला दार उघडताना कोठार भरलेले असावे. निराश्रिताला उघडताना ती अट घालता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिले. ऐंशी वर्षांनंतरही ज्याचे स्मरण राहते असे परराष्ट्र धोरण क्वचितच पाहायला मिळते.

स्वतंत्र भारतानेही १९५९ मध्ये दलाई लामांना आणि १९७१ मध्ये पूर्व बंगालच्या सुमारे एक कोटी निर्वासितांना जागा दिली. मात्र निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण सही केलेली नाही, आणि आपला स्वतःचा असा निर्वासितविषयक कायदाही नाही. त्यामुळे कोणाला आत घ्यावे आणि कोणाला नाही हे त्या त्या सरकारच्या मर्जीवर राहते. कडी आत असावी हे बरोबर. पण ती नियमाने चालावी, घरातल्यांच्या रागलोभाने नव्हे. एवढे मोठे राष्ट्र म्हणवून घेणाऱ्याला एवढा नियम करता येऊ नये?

राजनीतीने या बाबतीत काही शिकून घेतले आहे. राजदूतांविषयीचा १९६१ चा व्हिएन्ना करार पाहावा. राजदूत पाठवण्यापूर्वी यजमान देशाची संमती लागते. तो आल्यावर त्याच्या वकिलातीत यजमानाला विनापरवानगी पाऊल टाकता येत नाही. त्याने स्थानिक कायदे पाळावेत आणि घरच्या भांडणात पडू नये. आणि तो नकोसा झाला तर यजमानाने कारणही न सांगता त्याला परत बोलावण्यास सांगावे. मान आणि मर्यादा दोन्हींकडे सारखी. जुन्या वाड्याला अपरिचित वाटावे असे यात काहीच नाही. हीच रीत व्यापारात आली तर ‘उघडे दार’ या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळेल.

आणि अखेर आपल्या स्वतःच्या दाराविषयी. अतिथीला देव मानणारे आपण, शहरातील आपल्या गृहसंस्थांत भाडेकरूचे आडनाव ऐकून दार लावतो. त्याच्या ताटात काय असते याची चौकशी करून नकार देतो. परगावाहून आलेल्या शिक्षकाला, कारकुनाला, विद्यार्थ्याला हा अनुभव नवा नाही. परदेशाने आपल्या तंत्रज्ञांना अडवले म्हणून आपण संतापतो, आणि तो संताप योग्यच आहे. पण ज्याची कडी सर्वस्वी आपल्या हाती आहे असे एक तरी दार प्रत्येकाजवळ असते. माझ्या त्या विद्यार्थ्याला कोल्हापुरात खोली मिळायला तीन महिने लागले होते. हे मला त्या दिवशी वर्ग सुटल्यावर कळले.